होडीचं रॉकेल आणि नवरीचं विमान

मला रक्तदाब आहे. करंजाड्यातले आमचे डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. मी म्हणतो, मीठ राहू दे डॉक्टर, माझ्या आयुष्यातली माणसं कमी करा, रक्तदाब आपोआप खाली येईल. चाळीस वर्षं मी लहान विमानांची इंजिनं उघडली आणि मिटली. त्या इंजिनांनी मला एकदाही मनस्ताप दिला नाही. इंजिन खरं बोलतं. तापलं तर काटा वर नेतं, दुखलं तर खडखडतं, मरायला टेकलं तर तसं सांगून मरतं. खोटं बोलतात ती त्याच्याभोवती गॉगल लावून उभी असलेली माणसं. आज त्या माणसांवर लिहिणार आहे. गोड लिहा, सणाचा अंक आहे, असं संपादकांनी कळवलं होतं. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण मी विमानाचं इंजिन दुरुस्त करतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तीनशे माणसं, हवाई सुंदरी आणि ट्रेमधलं जेवण येतं. ते माझं खातं नव्हे. माझं विमान चार माणसांचं. पुढे पंखा, पंख्यामागे चार सिलिंडरचं इंजिन. तुमच्या मोटारीच्या इंजिनाचा हा आतेभाऊ, फक्त जास्त मानी. मोटार बंद पडली तर तुम्ही ती कडेला घेता, बॉनेट उघडता आणि ज्याला काही कळत नाही असा एक इसम येऊन तुम्हाला सल्ला देतो. आकाशात कड नसते. सल्लागारही नसतो.

आणि या आतेभावाचं खाणं ठरलेलं. निळं पेट्रोल. त्यात मुद्दाम निळा रंग घालतात, कारण माणूस गाढव आहे हे ज्यांनी हा नियम केला त्यांना ठाऊक होतं. दुसरं इंधन असतं एटीएफ, ते जेट विमानांचं आणि बहुतेक हेलिकॉप्टरांचं. ते म्हणजे न्हाऊन-माखून शाळेत गेलेलं रॉकेल. रंग जवळजवळ पाण्यासारखा. एक निळं, एक पांढरं. बालवाडीतल्या पोराला फरक कळेल. तरीही दरवर्षी जगाच्या पाठीवर कोणीतरी शहाणा निळ्याच्या टाकीत पांढरं ओततो.

ओतल्यावर काय होतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं, वरून ठिणगी पडते आणि जाळ शिस्तीत पसरत पिस्टनला खाली ढकलतो. चांगल्या पेट्रोलचा गुण हा की ते दाबलं तरी ठिणगीची वाट बघतं. रॉकेलला तेवढा दम नसतो. ठिणगीचा जाळ पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपलं आपणच फुटतं. ढकलायच्या जागी ठोसा बसतो. मिनिटाला हजार-बाराशे ठोसे, दर सिलिंडरला. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा. तो किती सहन करणार? आधी कड खाल्ली जाते, मग रिंगा तुटतात, मग भोक पडतं, मग पायलटला देव आठवतो.

यातली सगळ्यात हरामखोर गोष्ट अशी, की इंजिन सुरू होतं. मस्त सुरू होतं. कारण नळीत आणि कार्बुरेटरमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल उरलेलं असतं. विमान दिमाखात धावपट्टीवर जातं, उचलतं आणि झाडांच्या शेंड्यांएवढं वर गेलं की खरं इंधन पोहोचतं. तिथून पुढे मी सांगत नाही, रक्तदाब आहे.

माझं नाक या कामात प्रसिद्ध होतं. पनवेलच्या उड्डाणपुलावर उभा राहून खालची कोणती रिक्षा भेसळीवर चालते हे मी सांगत असे, आणि दोन रिक्षावाले त्या कारणाने रस्ता बदलून जात. हे खोटं वाटेल त्यांनी बायकोला विचारावं. घरात गॅसची शेगडी उघडी राहिली तर माझ्या नाकाला ते जिन्यात कळतं. एकदा घाटावरच्या एका साखरसम्राटांचं विमान माझ्याकडे आलं. साहेबांनी अभिमानाने त्यात रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल भरलेलं, ज्यात आता मद्यार्क मिसळतात. म्हणाले, आपल्याच उसाचं आहे, आपल्याच विमानाला का नको? त्या मद्यार्काने इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुगवल्या होत्या. एक नळी मी हातात घेतली तर ती हातातच राहिली. मी साहेबांना म्हटलं, विमान तुमच्या उसावर नाही, तुमच्या नशिबावर आलंय. ते हसले. ही माणसं हसतात, तोच माझा मुख्य त्रास.

आता मूळ गोष्ट.

पनवेलजवळच्या कोन गावात, एक्सप्रेसवेच्या बाजूला आमची शेड आहे. निवृत्त झालो तरी माझं लायसन्स जिवंत आहे, म्हणून आठवड्यातून चार दिवस मी तिथे इंजिनं बघतो. नवा विमानतळ उशाशी आल्यापासून इथलं आकाश आमच्यासारख्या चिमण्यांना बंद झालं. म्हणून इंजिनं टेम्पोत बसून येतात, नाहीतर मी गाडीत बसून विमानाकडे जातो. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे बाळाशेठ. कामोठ्यातल्या निम्म्या इमारती त्यांच्या, असं ते म्हणतात; उरलेल्या निम्म्यांत गळती आहे, असंही तेच म्हणतात. वडिलांची भातशेती आणि मिठागर होतं. मुलाच्या हातात बांधकाम आलं आणि बैलगाड्यांच्या शर्यतीचा शौक विमानापर्यंत गेला. पनवेलपासून दीड तासावर, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांचं फार्महाऊस आणि शेजारी खासगी धावपट्टी. तिथे एक चार माणसांचं विमान आणि एक हेलिकॉप्टर. म्हणजे एकाच शेडमध्ये निळी पिंपंही आणि पांढरी पिंपंही.

मी शेठना तीनदा सांगितलं होतं, एटीएफच्या पंपाला रुंद चपट्या तोंडाचं नोझल बसवा. ते लहान विमानाच्या टाकीच्या भोकात जातच नाही. माणूस कितीही गाढव असो, लोखंड त्याला अडवतं. शेठ म्हणाले, "बसवू, साहेब." शेठच्या तोंडी 'बसवू' म्हणजे काय, ते त्यांच्या इमारतींत लिफ्टची वाट बघणाऱ्यांना विचारा. तिथे नोझल नव्हतं. हातपंप होता, रबरी पाइप होता आणि एक प्लास्टिकचं नरसाळं होतं. नरसाळं कोणालाही अडवत नाही.

इंधन भरायला जनार्दन कोळी. जनू. उरणकडच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा. मासेमारी कमी झाली तसा कामाच्या शोधात आमच्या शेडवर आला होता आणि मीच त्याला शेठकडे लावला. असा मेहनती माणूस मी बघितला नाही. पिंपं तोंड बघता येईल अशी पुसायचा, पाइप चकलीसारखा गुंडाळायचा. कामावर घेताना मी त्याला साहेबी थाटात धडा दिला होता: "निळं विमानात, पांढरं हेलिकॉप्टरात. बाकी डोकं चालवायचं नाही." तो म्हणाला, "बरा साहेब." धडा संपला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

गेल्या मे महिन्यात शेठच्या मुलीचं लग्न. पूर्वा तिचं नाव. दातांची डॉक्टर, कामोठ्यात स्वतःचा दवाखाना. लग्न फार्महाऊसवर दुपारी, आणि चार वाजता पाठवणी. पाठवणी कशातून? विमानातून. नवरा, नवरी आणि कॅप्टन. शेठनी पत्रिकेत विमानाचं चित्र छापलं होतं. कामोठ्यापासून उरणपर्यंत सगळ्या पाव्हण्यांना माहीत होतं की पोरगी उडत सासरी जाणार. हळदीला हेलिकॉप्टरातून फुलं टाकणारे आता गल्लोगल्ली झाले, पण नवरी उडवणारा अजून कोणी झाला नव्हता. शेठनी मला फोन केला, "दिघेसाहेब, तुमी या. एकदा हात लावा विमानाला, म्हंजे मला झोप लागंल."

मी साडेदहाला पोहोचलो. मांडवात बँड वाजत होता, आचाऱ्यांची भांडणं चालू होती. धावपट्टीवर विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार घातलेला. तो आधी काढला. कॅप्टन मेहरा छत्रीखाली लस्सी पीत बसले होते. मुंबईचे, मिशीला रोज अर्धा तास देणारे. म्हणाले, "दिघेजी, टेन्शन मत लो. सुबह दो राउंड मार के आया. ड्रोनवाले को शूटिंग चाहिए था. मशीन एकदम मक्खन है. बस, थोड़ा गरम हो रहा है."

"किती गरम?"

"अरे, मई का महीना है."

मे महिना. या महिन्याच्या माथी किती पापं आहेत. मी पंखाखाली वाकलो. प्रत्येक टाकीच्या तळाला एक छोटी चावी असते. रोज उड्डाणाच्या आधी ती दाबून पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल घ्यायचं आणि उजेडात धरायचं. पाणी दिसतं, कचरा दिसतो, रंग दिसतो. सगळं मिळून एका मिनिटाचं काम, आणि ते पायलटने स्वतः करायचं असतं. मी बाटली धरली. निळं नव्हतं. धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या शर्टाचा रंग असतो ना, तसं काहीतरी. बोटावर घेतलं, तर तेलकट. वास घेतला आणि माझ्या डोक्यात कळ गेली. तरी खात्री म्हणून लग्नपत्रिकेच्या पाकिटावर दोन थेंब टाकले. चांगलं पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. इथे भज्याच्या कागदासारखा डाग राहिला.

"कॅप्टन, सकाळी बाटली काढली होती का?"

"कल निकाली थी ना."

काल. म्हणजे काल दात घासले म्हणून आज नको. मी जे बोललो ते या अंकात छापता येणार नाही. मराठीत सुरुवात केली, हिंदीत गेलो आणि शेवट कुठल्या भाषेत झाला मला आठवत नाही, पण बँडवाले वाजवायचे थांबले होते हे नक्की.

जनूला हाक मारली. नवा पांढरा सदरा, कपाळाला गंध. हसतच आला.

"जनू, टाकीत काय भरलंस?"

"निलाच भरला साहेब. पन कालच्या फेऱ्यांत निला संपत आलेला. थोरा कमी परला. मंग सकाली वरशी चालीस लिटर पांढरा घातला."

"पांढरा? का?"

"अवो, आमच्या होरीला आमी तसाच करतो ना. पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापला का राकेलवर घ्यायचा. माजा बापूस तीस वर्सं तसाच करीत आला. इंजिनाला काय नाय होत." मग जरा आवाज खाली आणून, मला खूश करायला, म्हणाला, "लग्नाचा दिवस. शेठना कशाला तरास द्यायचा? मी डोका चालवला."

त्याचे डोळे शाबासकीची वाट बघत होते. मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मारता येईना. कारण त्याचं चुकीचं नव्हतं. होडीच्या त्या जुन्या इंजिनाला खरंच तसं चालतं. ते बनवलेलंच तसं, कमी दाबाचं, सोशिक. जनूने जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं खरं त्याने इथे लावलं. इथे का चालत नाही, हे त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. कोणीही म्हणजे कोणी, त्यावर मी तेव्हा विचार केला नाही. तेव्हा मला ओरडायचं होतं.

शेठ आले. फेटा, कुर्ता, बोटाबोटांत अंगठ्या. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग काय झाला? टाकी खाली करा. हेलिकॉप्टरवाल्याला पाठवून फ्लाइंग क्लबमधून निळा आणतो तासाभरात. धुवा, भरा. चार वाजायला टाइम हाय."

"शेठ, टाकी धुता येते. पिस्टन धुता येत नाही. या मिश्रणावर कॅप्टननी पूर्ण जोर लावून दोन फेऱ्या मारल्यात, निम्मं निळं होतं म्हणून खाली तरी आले. इंजिन आतून काय झालंय ते उघडल्याशिवाय मी सही करणार नाही."

"उघडायला किती वेल?"

"इथे नाहीच. कोनला न्यावं लागेल. आठवडा."

शेठ माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांच्या व्याह्यांना शिवी दिली. मग कॅप्टनकडे वळले. कॅप्टन म्हणाले, "सर, मैं तो उड़ा के आया. चल रहा है."

"बघा," शेठ मला म्हणाले. "चालतंय ना? उडालंय ना सकाळी? मंग? साहेब, दीड हजार मानूस बसलाय मांडवात. पाव्हण्यांना काय सांगू? दिघेसाहेबांना वास आला?"

"हो, तसंच सांगा."

"वीस मिनिटांचा तर रस्ता हाय."

"वीस मिनिटांतली पहिली दोन पुरेशी आहेत."

ते एक पाऊल जवळ आले. "तुमी नाय सही केली तं दुसरा करंल. एक फोन हाय."

हे खरं होतं. आमच्या धंद्यात अशी माणसं आहेत. घरी सोफ्यावर बसून विमान बघतात आणि सही पाठवतात. मला त्यांची नावं माहीत आहेत, त्यांनाही माझं माहीत आहे, आणि एकाच लिफ्टमध्ये आम्ही कधी चढत नाही. शेठनी खिशातून फोन काढला. मी काय केलं? मी पाना काढला. इंजिनाचं झाकण उघडलं आणि एकेक करत आठही स्पार्क प्लग काढून रुमालात बांधले. एका सिलिंडरला दोन-दोन असतात, म्हणून आठ. कॅप्टन "अरे, अरे" म्हणत छत्री घेऊन आले. मी रुमालाची गाठ मारली आणि बुडाखाली घेऊन विमानाच्या चाकाजवळ बसलो. सत्तर किलोचा माणूस आहे मी. पण त्या दिवशी चौघांनी उचललं असतं तरी उठलो नसतो, एवढा मी जड झालो होतो. विमानाचं चाक माझ्यापेक्षा हलकं असेल.

बुडाखाली प्लग घेऊन जन्मभर बसता येत नाही हे मला कळत होतं. म्हणून उठलो, रुमाल खिशात कोंबला आणि बॅगेतला तपासायचा कॅमेरा काढला. गांडुळासारखी नळी, टोकाला दिवा आणि भिंग. प्लगच्या भोकातून आत घालायची आणि मोबाइलवर बघायचं. पहिला सिलिंडर बरा. दुसरा बरा. तिसऱ्यात मी थांबलो. पिस्टनची एक कड कुरतडल्यासारखी, आणि माथ्यावर बारीक बारीक खड्डे, जणू कोणी दाभणाने टोचलेत.

शेठना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. "मला काय कळतंय? काळा दिसतंय. इंजिन हाय, काळाच दिसनार."

तेवढ्यात मागून आवाज आला, "बघू." पूर्वा. नऊवारी, मुंडावळ्या, हातभर चुडा, मागे करवल्यांची धावपळ. बँड थांबला म्हणून बघायला आलेली. मुहूर्ताला तास उरलेला आणि नवरी धावपट्टीवर. आमच्या मोबाइलवर वाकली तर मुंडावळ्या पडद्यावर येऊ लागल्या. त्या तिने कानामागे टाकल्या. दवाखान्यात ती दिवसभर हेच करते, नळीचा कॅमेरा आणि पडदा.

"काका, जरा डावीकडे फिरवा. अजून. हां, थांबा." तिने बोट ठेवलं. "ही कड शाबूत असायला हवी ना? बाकीच्यांची आहे तशी?"

"हो."

"आणि हे खड्डे आज सकाळचे?"

"आज सकाळचेच. जुने असते तर काजळी बसली असती. हे बघ, चकाकतंय."

ती सरळ उभी राहिली. "पप्पा, असा दात घेऊन पेशंट आला असता तर मी त्याला घरी पाठवला नसता. आपण गाडीने जातो."

"पूर्वा, लोक हसतील गो."

"हसू दे. मला सासरी पोचायचंय."

एवढंच बोलली आणि चुडा सावरत मांडवात गेली. शेठनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी खिशातले प्लग काढले तेव्हा रुमालाला भोकं पडलेली होती, आणि इतर ठिकाणी काय झालं होतं ते बायकोने रात्री शेकताना मोजलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी गोड लिहिलं असतं. पण नंतर जेवणाच्या पंगतीत जे घडलं ते मला आजही गिळवत नाही. कॅप्टन मेहरांना शेठचे धाकटे बंधू स्वतः बासुंदीचा आग्रह करत होते. ज्याने सकाळी बाटली काढली नाही, इंजिन तापलेलं दिसूनही दुसरी फेरी मारली, तो मिशी सांभाळत बासुंदी पीत होता. आणि जनूला ताटावरून उठवला. भात कालवलेला, हात भरलेला. शेठचा माणूस आला आणि म्हणाला, "चल, निघ. उद्यापासून यायचा नाय." जनू उठला, हात धुतला, पाइप गुंडाळलेला आहे का ते शेडमध्ये जाऊन बघून आला आणि गेटबाहेर चालत गेला. मी पंगतीतच होतो. समोर जिलबी होती. मी उठलो नाही. धावपट्टीवर दीड हजार पाव्हण्यांची पाठवणी अडवून बसणारा मी, पंगतीत मात्र बसूनच राहिलो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

इंजिन टेम्पोतून कोनला आलं. उघडलं. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग तीन जागी तुटलेली, आणि कडेला धातू इतका पातळ झालेला की नखाने दाबला तर वाकला. अजून किती चाललं असतं? दोन मिनिटं म्हणा, दहा म्हणा. मी देव नाही, मेकॅनिक आहे. चार वाजता चाललं नसतं एवढं लिहून देतो.

अहवालात एक रकाना असतो, घटनेचं कारण. शेठ स्वतः शेडवर आले. पिस्टन हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "साहेब, त्या कोळ्याचा नाव टाका. मामला संपवा."

मी लिहीत होतो तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यात चार नावं होती. जनूचं चौथं. तिसरं शेठचं, नोझल न बसवल्याबद्दल. दुसरं कॅप्टनचं.

"पयला तुमचा?" शेठ म्हणाले. "तुमी तर विमान थांबवलात."

"थांबवलं. पण ज्याला पिंपं दिली त्याला कारण सांगितलं नाही. हुकूम दिला. हुकमात आणि कारणात काय फरक असतो, तो हा तुमच्या हातात आहे."

शेठनी पिस्टन टेबलावर ठेवला. त्यांचं विमान त्यानंतर आमच्याकडे आलं नाही. कॅप्टन आता दुसऱ्या कोणाला तरी उडवतात. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी असल्या विमानात बसणार असाल, तर पायलटला बाटली दाखव म्हणा. लाजू नका. त्याच्या मिशीला घाबरू नका.

जनू भावाच्या होडीवर परत गेला होता. पावसाळ्याच्या आधी एकदा पनवेलला जाळी घ्यायला आला आणि वाट वाकडी करून कोनला शेडवर आला. नोकरी मागेल असं वाटलं, मी तशी तयारीही केली होती. त्याने नोकरीचा विषय काढला नाही. समोर स्टुलावर बसला. मी चहा मागवला. चहा आला, दोन कप, वाफ निघत होती.

"साहेब, एक विचारू? रागवाल नाय ना?"

"विचार."

"आमच्या होरीला चालतं तं ह्याला का नाय चालत?"

मी तो तिसरा पिस्टन फडताळातून काढला आणि त्याच्या हातात दिला. सांगितलं. दाब किती, ठिणगी कधी पडते, रॉकेल वाट का बघत नाही, ठोसा कुठे बसतो. होडीचं इंजिन किती कमी दाबतं, हे किती. सुरुवातीला का चालतं आणि वर गेल्यावर का बंद पडतं. तो पिस्टन फिरवत ऐकत होता. कुरतडलेल्या कडेवर त्याचं बोट थांबलं.

"आनी आमचा बंद परला तं आमी नांगर टाकतो," तो हळू म्हणाला. "बसतो वारा येईपरत. ह्यांना नांगर नाय."

"नाही."

"ती पोरगी बसनार होती ह्यात."

"हो."

त्याने पिस्टन दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, आवाज न करता. मग माझ्याकडे बघितलं. आवाजात राग होता, आणि त्या माणसाचा राग मी पहिल्यांदाच बघत होतो.

"ह्या येवराच होता तं पयल्या दिवशी का नाय सांगला?"

मी त्याचा कप त्याच्याकडे सरकवला. त्याने कप उचलला, फुंकर मारली आणि परत खाली ठेवला. सगळं सांगून झालं होतं, तरी चहा अजून पिण्याइतका निवलेला नव्हता.